लेहच्या पहिल्या रात्री श्वास का अडखळतो?

प्रश्न : आमची मुलगी मोहालीच्या नॉलेज सिटीत, आयसरमध्ये शिकते. मे महिन्यात तिला घेऊन आम्ही चंडीगडहून विमानाने लेहला गेलो. पहिल्या दिवशी धाप लागत होती, बोटांना मुंग्या येत होत्या. रात्री झोपेत यजमानांचा श्वास काही क्षण थांबायचा आणि मग मोठा श्वास घेऊन ते दचकून उठायचे. तिथल्या डॉक्टरांनी दिलेल्या डायमॉक्सच्या गोळीने बरं वाटलं, पण ती म्हणे लघवी वाढवते. त्रास श्वासाचा आणि गोळी मूत्रपिंडाची, हे कसं? मुलगी म्हणते, ‘रक्ताचा पीएच बिघडला होता.’ उलगडून सांगाल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीने नेमकं बोट ठेवलं आहे. चंडीगड समुद्रसपाटीपासून साधारण ३२० मीटरवर, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश असतो. ऑक्सिजन कमी पडतोय हे मानेतल्या मोठ्या धमन्यांपाशी असलेल्या इवल्याशा कॅरोटिड पिंडांना लगेच कळतं आणि ते श्वास वाढवायला लावतात. पण वाढलेल्या श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो. खरी अडचण तिथून सुरू होते.

रक्तात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल बनतो. म्हणजे प्रत्येक उच्छ्वासाबरोबर आपण आम्लच बाहेर टाकत असतो, दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल. मूत्रपिंडांच्या वाट्याला येणारं आम्ल त्यापुढे अगदी थोडं, ५० ते १०० मिलिमोल. एवढी उलाढाल चालू असूनही रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५च्या बाहेर सहसा जात नाही. हे साधतं बफरमुळे, म्हणजे आलेलं आम्ल पकडून ठेवणाऱ्या आणि गरज पडली तर सोडणाऱ्या रसायनांमुळे. हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिनं हे काम करतात, पण मुख्य जोडी बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइडची. तिची ताकद किती ते पाहा. पाच लिटर शुद्ध पाण्यात १२ मिलिमोल, म्हणजे जेमतेम एक मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलं, तर पीएच ७ वरून थेट २.६ वर येतो. माणसाच्या अंगातल्या साधारण तेवढ्याच रक्तात तेवढंच आम्ल तयार झालं आणि फुफ्फुसं नीट चालत असली, तर पीएच ७.४ वरून फार तर ७.३५ पर्यंत घसरतो.

गंमत म्हणजे प्रयोगशाळेतल्या बंद बाटलीत ही जोडी ७.४ या पीएचला तशी कमजोरच ठरते. शरीरात ती बलवान होते, कारण इथे तिची दोन्ही टोकं उघडी आहेत. एका टोकाला फुफ्फुसं कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त करतात, दुसऱ्या टोकाला मूत्रपिंडं बायकार्बोनेट. लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये या जोडीचं समीकरण मांडलं आणि कार्ल हॅसलबाल्क यांनी १९१६ मध्ये त्याला पीएचचं रूप दिलं. वैद्यकाचे विद्यार्थी आजही त्यावरच अडतात, पण गाभा सोपा आहे : बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचं प्रमाण २०:१ राहिलं की पीएच ७.४.

आता लेहला परत जाऊ. समजा, रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० वरून ३० मिलिमीटरवर आला. बायकार्बोनेट मात्र जवळपास तेवढंच. प्रमाण २४:१च्या आसपास गेलं, पीएच ७.४८ झाला, रक्त अल्कधर्मी झालं. अशा रक्तातलं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं, मोकळं कॅल्शियम घटतं, मज्जातंतू हुळहुळे होतात आणि बोटांना मुंग्या येतात.

रात्रीचा प्रकारही यातूनच घडतो. मेंदूतलं श्वसनकेंद्र मुख्यतः कार्बन डायऑक्साइड पाहून चालतं. तो फार उतरला की झोपेत ते श्वासाला लगाम घालतं. काही सेकंद श्वास थांबतो. तेवढ्यात ऑक्सिजन आणखी घसरतो, कॅरोटिड पिंडं कळवळून उठतात, मोठा श्वास येतो, कार्बन डायऑक्साइड पुन्हा उतरतो, पुन्हा थांबा. ऑक्सिजन म्हणतो ‘घे’, पीएच म्हणतो ‘थांब’, आणि या ओढाताणीत झोपेचं खोबरं होतं.

यातून सुटका मूत्रपिंडं करतात. जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून ती प्रमाण पुन्हा २०:१कडे आणतात. मात्र फुफ्फुसं जे मिनिटांत करतात, त्याला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात. डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर अडवून बायकार्बोनेट लवकर बाहेर काढते. त्यासोबत पाणीही जातं, म्हणून लघवी वाढते. रक्त किंचित आम्लधर्मी झालं की श्वासावरचा लगाम सैल होतो. हीच गोळी जिभेवरचं विकरही अडवते, त्यामुळे ती घेतल्यावर सोडा किंवा कोल्ड्रिंक बेचव लागतं. तिच्यामुळेही मुंग्या येऊ शकतात, तेव्हा गोळी घेतल्यानंतर आलेल्या मुंग्यांनी घाबरू नका.

पुन्हा जाल तेव्हा डायमॉक्सबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगा. मुंग्या आल्या म्हणून कागदी पिशवीत श्वास घेण्याचा घरगुती उपाय तिथे मुळीच करू नका, कारण त्याने आधीच तोकडा असलेला ऑक्सिजन आणखी कमी होतो. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस खारदुंगला, पँगाँग काही नाही, खोलीवर विश्रांती घ्या. आणि बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, बोलण्यात गोंधळ झाला किंवा चालताना तोल गेला, तर सकाळची वाट पाहू नका. तडक रुग्णालय गाठा आणि डॉक्टर सांगतील तसं खाली उतरा.