टॅबवर एडिटिंग शिकता येतं. नोकरीसाठी पुढे काय?

बारावीनंतर मुलगी म्हणते, ‘मला व्हिडिओ एडिटिंग करायचंय, चांगला टॅब घेऊन द्या.’ आईवडिलांना दोन धास्त्या वाटतात. टॅबवर केलेल्या कामाला कोणी काम म्हणेल का? आणि एवढे पैसे घातल्यावर यातून पोट भरेल का? दोन्ही शंका रास्त आहेत.

पहिल्या शंकेचं उत्तर सोपं आहे. मोठ्या स्टुडिओंत कलर ग्रेडिंगसाठी वापरलं जाणारं ‘दाविंची रिझॉल्व्ह’ हे एडिटिंग सॉफ्टवेअर डिसेंबर २०२२ मध्ये आयपॅडवर आलं, आणि त्याची मूळ आवृत्ती मोफत आहे. पाठोपाठ मे २०२३ मध्ये ॲपलने ‘फायनल कट प्रो’ आयपॅडवर आणलं. अँड्रॉइड टॅबवर ‘लुमाफ्यूजन’ चालतं. म्हणजे कट मारणं, आवाज जुळवणं, रंग सुधारणं हे सगळं टॅबवर नीट शिकता येतं.

अडचण येते ती कामाचा पसारा वाढल्यावर. प्रोरेस ४२२ एचक्यू या व्यावसायिक फॉरमॅटमधलं एका तासाचं फुल एचडी फुटेज सुमारे ८३ जीबी भरतं. दोन-तीन कॅमेऱ्यांवर दिवसभर शूटिंग झालं, तर टॅबची मेमरी कधीच संपते. शिवाय मालिका, जाहिराती आणि चित्रपटांचं काम संगणकावर, टीमने मिळून चालतं. त्यामुळे टॅब शिकायला आणि लहान कामांना पुरतो, पण नोकरी मागायला जाताना संगणकावर हात बसलेला हवा.

आयपॅड घरात असेलच, तर या सुट्टीत एक सराव करा. व्हाइट बॅलन्स हाताने ठरवता येणाऱ्या कॅमेरा ॲपमध्ये तो ५६०० केल्विनवर लॉक करा. एकाच माणसाचा एक शॉट दुपारी खिडकीपाशी घ्या, दुसरा रात्री पिवळ्या बल्बखाली. दुसऱ्यात चेहरा नारिंगी दिसेल. आता रिझॉल्व्हमध्ये दोन्ही शॉट जुळवा. आधी उजेड सारखा करा आणि तो वेव्हफॉर्मवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, तपासा. मग व्हाइट बॅलन्स सुधारा. शेवटी वेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगांच्या आलेखावर, स्किन टोनची रेघ चालू करून चेहऱ्याचा रंग तिच्या आसपास येतो का ते बघा. त्वचा गोरी असो वा सावळी, रंगछटा साधारण त्याच रेघेजवळ येते. हे करण्याआधी आयपॅडचे ‘ट्रू टोन’ आणि ‘नाइट शिफ्ट’ मात्र बंद करा, नाहीतर स्क्रीनच रंग बदलत राहील आणि डोळे फसतील. हा सराव करताना तास कसे गेले ते मुलीला कळलंच नाही, तर तिचा कल या कामाकडे आहे. पंधरा मिनिटांत कंटाळा आला, तर तेही वेळेत कळलेलं बरं.

आता पोटापाण्याचं. सुरुवात बहुधा असिस्टंट एडिटर म्हणून होते: फुटेज उतरवून घेणं, बॅकअप ठेवणं, आवाज सिंक करणं, फाइलींना नीट नावं देणं. काम किचकट आहे, पण जो हे चोख करतो त्याच्यावर एडिटर विसंबतो, आणि पुढचं काम त्यालाच मिळतं. वृत्तवाहिन्या, मालिका, जाहिराती, लग्नाचे व्हिडिओ, कंपन्यांच्या फिल्म्स अशी कामाची ठिकाणं बरीच आहेत. सुरुवातीची कमाई बेताची आणि वेळ अनियमित असते, हे घरात आधीच बोलून घ्यावं.

शिक्षणासाठी पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेचा संकलनाचा, म्हणजे एडिटिंगचा, अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी आणि प्रवेश परीक्षा लागते. म्हणून पदवी सोडू नका. याच संस्थेत शिकलेल्या रेणू सलुजा यांना ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ आणि ‘गॉडमदर’ या चित्रपटांच्या संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. कोणता शॉट किती वेळ ठेवायचा आणि कुठे तोडायचा, ही जाण त्यांनी टॅबच्या कितीतरी आधीच्या काळात कमावली. ती आजही कोणत्याच यंत्राबरोबर फुकट मिळत नाही.

पालकांनी खर्चाचा क्रम असा ठेवावा. घरात जे यंत्र आहे त्यावर आधी तीन-चार महिने सराव होऊ द्या. रिझॉल्व्ह संगणकावरही मोफत मिळतं, आणि ते बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिक कंपनीची प्रशिक्षण पुस्तकंही मोफत उतरवून घेता येतात. या काळात मुलीने दोन-तीन मिनिटांच्या चार फिल्म्स पूर्ण केल्या, तर पैसे जरूर घाला, पण आधी चांगल्या संगणकात आणि बॅकअपच्या हार्ड डिस्कमध्ये. टॅब त्यानंतर घेतला तरी चालेल.