शिलेदारांचा अधिकारी : विलियम केर
(इतिहासपाठ, वरच्या इयत्तांसाठी)

वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथील मुलांच्या परिचयाचा असतो. त्या कोल्हापुरात 1857 साली घडलेला एक प्रसंग पाठासाठी घेण्याजोगा आहे.

विलियम अलेक्झांडर केर हा 1831 मध्ये स्कॉटलंडात जन्मला. कंपनीच्या मुंबई लष्करात तो प्रथम 24 व्या देशी पायदळ पलटणीत होता. पुढे दक्षिण मराठा घोडदळात अ‍ॅडज्युटंट झाला. हे बिनकवायती घोडदळ होय. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा स्वार तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडे बांधण्याची जागा ती पागा. हे तीन शब्द फळ्यावर लिहून मगच पुढे जावे, कारण खरा प्रसंग पागेतच घडतो.

31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापूरच्या 27 व्या पलटणीने उठाव केला. रामजी शिरसाट हे तिचे पुढारी. वार्ता कळताच केर साताऱ्याहून पन्नासएक स्वारांसह निघाला. ऐन पावसाळा, नद्या भरलेल्या. तरी सुमारे 75 मैलांची मजल त्याने एका दिवसाच्या आसपास गाठली. उठावातील शिपायांची एक तुकडी शहराजवळच्या पागेत ठाण मांडून होती. तेव्हा ज्यांचे सारे बळ घोड्यावर, त्याच स्वारांस पायउतार करून केरने दरवाजा फोडला. गणपतराव देवकर हे मराठा स्वार त्याच्या बरोबरीने पुढे होते; आतील झटापटीत त्यांनी केरचे प्राण वाचविले. शिपायांनीही अखेरपर्यंत झुंज दिली. त्या दरवाजाच्या दोन्ही अंगांस याच देशाचे लोक होते, हे मुलांस अवश्य दाखवावे.

27 एप्रिल 1858 रोजी केरला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. देवकरांस तो मिळणे शक्यच नव्हते. हिंदी सैनिकांस हे पदक 1911 मध्ये खुले झाले. केरने 1860 मध्ये नोकरी सोडली, पुढे अश्वारोहणावर पुस्तक लिहिले व 1919 मध्ये तो इंग्लंडात वारला.

पदकाच्या सरकारी नोंदीत पराक्रमाची तारीख 10 जुलै 1857 अशी आहे. ती व उठावाची तारीख शेजारी शेजारी लिहावी आणि विचारावे : उठावाच्या तीन आठवडे आधीच पागेचा दरवाजा कसा फुटला?