आखाडा, कारखाना आणि मधली वर्षे

बक्षीस समारंभाला येणारे पाहुणे आम्हा विद्यार्थ्यांना एक उपदेश हमखास करतात. "चिकाटी धरा, यश तुमचेच आहे!" मग एखाद्या पहिलवानाचे किंवा कारखानदाराचे उदाहरण येते, टाळ्या पडतात आणि आपण घरी जातो. उपदेश खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु चिकाटीला खर्च येतो, आणि तो कोणी सोसला हे मात्र व्यासपीठावरून कधी सांगितले जात नाही. पराभव आणि विजय यांच्यामध्ये काही वर्षे जातात. चरित्रांत ती एका ओळीत संपतात, पण प्रत्यक्षात त्या वर्षांतही दोन वेळा जेवावे लागते. खेळ आणि उद्योग या दोन्ही क्षेत्रांतून आपल्याला काही शिकायचे असेल, तर ते या मधल्या वर्षांतूनच शिकले पाहिजे, असे मला वाटते.

प्रथम आपल्या गावचेच उदाहरण घेऊ. बार्शी लाईट रेल्वेचे नाव येथे लहानथोर सर्वांना माहीत आहे. जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत असलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने आजच्या कुर्डुवाडी स्टेशनापासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची गाडी काढण्याची कल्पना १८८७ च्या सुमारास मांडली. कंपनी स्थापन झाली १८९५ मध्ये आणि गाडी धावली १८९७ मध्ये. म्हणजे कल्पना आणि शिटी यांच्यामध्ये दहा वर्षे गेली! कॅलथ्रॉप चिकाटीचा होता यात शंकाच नाही. परंतु तो शिकलेला इंजिनिअर होता, सल्लागार म्हणून कमावू शकत होता आणि भांडवल उभारण्यासाठी त्याला लंडनचा बाजार मोकळा होता. दहा वर्षे थांबणे त्याला परवडले. आमच्या बार्शीच्या आडतबाजारात ज्वारीची पोती वाहणाऱ्या माणसाकडे याहून चांगली कल्पना असती, तरी दहा वर्षे तो कशाच्या बळावर थांबला असता?

तेव्हा आपल्या मातीतला माणूस पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. त्यांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत असे आढळले आणि रंगकाम सुटले. त्यांनी कुरकुर करीत न बसता यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी धरली. त्याच काळात बेळगावला भावासह सायकलींचे दुकान सुरू केले. पुढे बढती डावलली गेली तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावी आले. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की नोकरी सोडण्याआधी दुकान चालू झालेले होते. आजकाल धाडसाची व्याख्याने देणारे लोक "उडी मारा" एवढेच सांगतात. लक्ष्मणरावांनी उडी मारण्यापूर्वी खाली पाणी किती आहे ते पाहिले होते.

पुढे त्यांनी कडबाकुट्टीचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. लोखंडामुळे जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर पडून राहिले. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली असे सांगतात. या समजुतीला आपण आज हसतो, पण मी शेतकऱ्याच्या घरातली आहे, मला हसू येत नाही. एक हंगाम चुकला तर वर्ष बुडते, मग अनोळखी अवजार कोण आधी घेईल? त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांचा संसार इतर यंत्रे आणि इतर कामे यांवर चालला. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

जाता जाता आणखी एक नाव सांगते. किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम काही काळ कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले. तरुणपणी कोल्हापूरला कुस्तीचा शौक केलेला हा माणूस गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना नांगर पटवून देत असे. १९१९ मध्ये त्यांनीच रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहात राहून, कष्ट करून शिकलेल्या हजारो मुलांची मधली वर्षे त्या संस्थेने सांभाळली. आमच्या बार्शीत कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी खेड्यापाड्यांतील मुलांच्या शिक्षणासाठी जे केले तेही याच जातीचे काम होते. असो.

आता आखाड्याकडे वळू. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. लाल मातीत वाढलेल्या खाशाबांना गादीवरची कुस्ती नवी होती आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. तरीही ते सहावे आले. गावात परतल्यावर "लंडनला जाऊन आलो" एवढ्यावर आयुष्यभर मिरवता आले असते. खाशाबांनी पुढची चार वर्षे मेहनत वाढवली आणि १९५२ मध्ये वरच्या वजनगटात, म्हणजे ५७ किलोच्या गटात, हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. हरल्यावर नशिबाला बोल न लावता कोठे कमी पडलो ते शोधणे, ही गोष्ट किर्लोस्करांत आणि खाशाबांत सारखीच आहे. आमच्या वर्गातल्या मुलांनीही परीक्षेनंतर उत्तरपत्रिकेकडे असे पाहिले तर पुष्कळ फरक पडेल!

परंतु हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या माजी विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! आमच्या प्राध्यापकवर्गाने घाबरून जाऊ नये. मी कोणाचे घर मागत नाही.

मागायचे आहे ते वेगळेच. आज बार्शीच्या मैदानावर पहाटे धावणारी मुले पाहा. पोलीस भरती, सैन्य भरती, स्पर्धा परीक्षा. पहिल्या खेपेला निवड होणारे थोडेच. उरलेल्यांना दुसरे वर्ष हवे असते, आणि घरी विचारतात, "अजून किती दिवस?" तो प्रश्न दुष्टपणाचा नसतो, घरात खरोखरच तेवढे नसते. मुलींना तर हे दुसरे वर्ष बहुधा मिळतच नाही, कारण तोवर स्थळ आलेले असते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे या २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या खो-खो संघाच्या कर्णधार. त्यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. घरच्या ओढाताणीमुळे खेळ सोडून द्यावा असे त्यांच्याही मनात आले होते. तेव्हा घरच्यांनी आणि प्रशिक्षकांनी त्यांना परत मैदानावर आणले. ते झाले नसते तर आज त्यांचे नाव आपल्याला ठाऊकही नसते. अशा किती जणींची नावे आपल्याला ठाऊक नाहीत!

म्हणून माझ्या मित्रमैत्रिणींना माझे सांगणे आहे की, "मी काय होणार" हे ठरविताना "मधली दोन वर्षे मी कशावर काढणार" हेही त्याच वहीत लिहावे. लक्ष्मणरावांसारखे एखादे सायकलचे दुकान आधी चालू असावे, मग ती शिकवणी असो, शिवणकाम असो की दुकानातली हिशेबाची नोकरी. आणि मदत मागण्यात कमीपणा मानू नये. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कोणाकडे काय मागावे हेच आमच्यासारख्यांना कळत नाही, आणि पुष्कळ जण त्यामुळेच गप्प राहून घरी परततात.

मदत घेतली की मिंधेपण येते, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचे उत्तर खाशाबांनी दिले आहे. पदक घेऊन ते परतले, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर त्यांनी सरकारच्या बक्षिसाची वाट पाहिली नाही. कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले, आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचे घर सोडवून दिले. स्वतःची पोलीस खात्यातली नोकरी त्यानंतर, १९५५ मध्ये.