पडीक जागेची परसबाग : आधी हातमोजे, मग कुदळ



आपल्या प्रत्येक वस्तीत एक तरी जागा अशी असते की तिच्याकडे कोणी बघत नाही. विहाराच्या मागची, पाण्याच्या टाकीजवळची किंवा पडलेल्या घराच्या भिंतीआडची. तिथे गाजर गवत कमरेएवढे वाढते, वेडी बाभूळ पसरते, फुटक्या बाटल्या आणि प्लास्टिक साचते. पोरांचा चेंडू तिकडे गेला की आई ओरडते, "जाऊ नको, साप असंल!" या पानावर आज आपण त्याच जागेचा विचार करणार आहोत. ती साफ करून तिथे भाजीपाला कसा लावायचा, आणि हे काम करताना आपले शरीर कसे सांभाळायचे, हा आजचा पाठ आहे.

भाजीपाला कशासाठी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर बालकांपैकी सुमारे ६९ जणांचे रक्त कमी आहे. काम करताना धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, पोरीचे अभ्यासात लक्ष न लागणे ही त्याचीच लक्षणे. आपण त्याला "अशक्तपणा" म्हणतो आणि सोडून देतो.

वस्तीत भाकरी असते, ठेचा असतो, डाळ असते. कमी पडते ती भाजी. उन्हाळ्यात मेथी-पालकाची जुडी महाग होते आणि मजुरी बुडाली की पहिली काट भाजीवरच बसते. वस्तीजवळचा वीस फूट लांब, वीस फूट रुंद तुकडा चार-पाच घरांनी मिळून राखला, तर पावसाळा आणि हिवाळा मिळून आठवड्यातून तीन-चार वेळा ताटात हिरवी भाजी येऊ शकते.

पडीक जमिनीचा प्रश्न आपल्याला नवा नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात खानदेशातील आपली माणसे उतरली. पुढे १९६४ मध्ये तोच लढा देशभर गेला आणि लोकांनी तुरुंग भरले. सरकारी पडीक जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या, ही त्यातील मोठी मागणी होती. परसबाग त्या मागणीची जागा घेऊ शकत नाही. पण ज्यांना कसायला एकर मिळाला नाही, त्यांनी हातातला गुंठाही ओसाड ठेवू नये.

पहिली पायरी : जागा कोणाची?

कुदळ उचलण्याआधी हे विचारा. जागा विहार समितीची असेल तर समितीच्या बैठकीत ठराव करून घ्या. ग्रामपंचायतीची, नगरपालिकेची किंवा महापालिकेची असेल तर महिला मंडळाच्या किंवा बचत गटाच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा. तोंडी परवानगीवर घाम गाळू नका. बाग बहरात आली की जागेवर हक्क सांगणारे अनेक निघतात.

तिथे पूर्वी काय होते, हे जुन्या माणसांना विचारा. गॅरेज, भंगाराचे दुकान किंवा बॅटऱ्या फोडण्याची जागा असेल, तर त्या मातीत शिसे उतरलेले असू शकते. शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे. अशा जागी जमिनीत भाजी लावू नका. दुसरीकडची चांगली माती आणून गोण्यांमध्ये लावा.

दुसरी पायरी : स्वतःला आधी झाका

पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घाण उघड्या हातांनी उचलण्याचे काम आपल्या माणसांवर जन्माने लादले गेले. ते करताना बोट कापले, पाय सडला, तरी विचारणारे कोणी नव्हते. आपले शरीर स्वस्त आहे, असे आपल्यालाही वाटू लागले. बाबासाहेबांनी गावकीची ती कामे सोडायला सांगितली. आज आपण साफसफाई करणार आहोत ती आपल्या मर्जीने, आपल्या मुलांच्या ताटासाठी. म्हणून ती उघड्या हातांनी आणि अनवाणी करायची नाही.

एवढे सामान जमवा : जाड रबरी हातमोजे, गमबूट किंवा जाड तळाचे बंद बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकातोंडाला रुमाल किंवा मास्क, लांब दांड्याचे दाताळे, विळा, कुदळ, फावडे आणि घमेले. प्रत्येक घराने थोडे पैसे घालून दोन-तीन जोड बूट आणि मोजे घेतले, तर ते आळीपाळीने सर्वांना पुरतात. ज्याला बूट नाहीत त्याने त्या दिवशी पाणी आणावे, आत उतरू नये.

धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवत नसेल, तर कामाआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या. खिळा किंवा काच लागली तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. हळद, माती, चुना भरू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. सिकलसेल हा आजार आदिवासी समाजात, तसेच अनुसूचित जातींत, म्हणजे आपल्या समाजातही आढळतो. ज्यांना तो आहे, त्यांनी उन्हातले अंगमेहनतीचे काम करू नये. शरीरातले पाणी कमी झाले की अंगदुखीचा मोठा झटका येऊ शकतो. त्यांच्याकडे रोपे सांभाळण्याचे, बियाण्याचे आणि हिशेबाचे काम द्या.

तिसरी पायरी : साफसफाई

बुद्ध पौर्णिमा झाली की काम सुरू करावे, म्हणजे मृगापर्यंत जमीन तयार होते. त्या दिवसांत जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणून सकाळी सहा ते नऊ एवढेच काम करा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून सोबत ठेवा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पीत राहा. डोके दुखू लागले, मळमळले, घाम येणे थांबले किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर लगेच सावलीत न्या, अंग ओले करा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

पहिल्या दिवशी फक्त आवाज करा. लांब काठीने गवत बडवा, जमीन आपटा. साप जमिनीचे हादरे ओळखून निघून जातो. दगड, पत्रा किंवा लाकूड उचलायचे असेल तर दाताळ्याने आपल्या दिशेने उलटा, म्हणजे उघडी बाजू पलीकडे राहील. हात कधीही बिळात किंवा फटीत घालू नका.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. साप दिसला तर मारू नका, वन विभागाला किंवा सर्पमित्राला कळवा. श्रावस्तीत एक भिक्खू सर्पदंशाने गेला, तेव्हा तथागतांनी सर्पकुळांविषयीही मैत्रीभावना ठेवायला शिकवले, अशी अंगुत्तर निकायात नोंद आहे. मैत्री मनात ठेवा, पण दंश झाला तर उपचार दवाखान्यातच. भगत, मांत्रिक, झाडपाला यांत एक मिनिटही घालवू नका. जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. हाता-पायाला फळीचा आधार द्या, माणसाला चालू देऊ नका आणि सरकारी रुग्णालयात न्या. मण्यारीच्या दंशाची खूण कधी कधी दिसतही नाही, म्हणून "काही नाही झालं" म्हणत घरी थांबू नका.

दगडाखाली विंचू असतो. लाल विंचू लहान मुलांना जास्त धोक्याचा. दंशानंतर खूप घाम, उलटी, हात-पाय गार पडणे ही लक्षणे हृदयावर परिणाम झाल्याची असू शकतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे साधे औषध वापरून अशा रुग्णांचे प्राण वाचवता येतात, हे दाखवून दिले. म्हणून विंचवाचे विष उतरवणाऱ्याकडे न जाता डॉक्टरांकडे जा.

आता गाजर गवत. पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास या परदेशी तणाची नोंद झाली आणि ते देशभर पसरले. लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, चट्टे येतात, आणि परागकणांनी शिंका व दमा वाढतो. दम्याच्या रुग्णांनी त्याच्या जवळ जाऊ नये. एका झाडाला हजारो बिया येतात, म्हणून फुलावर येण्याआधी मुळासकट उपटणे हाच उपाय. उन्हाळ्यात वाळलेली झाडे न झटकता कापून गोणीत भरा. पहिला पाऊस पडला की नवी रोपे उगवतील, ती ओल्या जमिनीतून सहज निघतात. फुले न आलेली झाडे खड्ड्यात पुरून खत करता येते. बागेच्या कडेने तरोट्याचे बी फेका. तरोटा गाजर गवताला दाबतो आणि त्याची कोवळी पाने भाजीलाही होतात.

तण पेटवून देऊ नका. त्यातले प्लास्टिकही जळते आणि तो धूर वस्तीच्याच छातीत जातो. तणनाशक आणू नका. पॅराक्वाटसारख्या तणनाशकावर उतारा नाही, आणि थंड पेयाच्या बाटलीत ठेवलेले औषध पोरांनी पिण्याचा धोका कायम राहतो.

चौथी पायरी : माती

जागा उघड्यावर शौचाला वापरली जात असेल, तर मातीत जंतांची अंडी आणि आकडेकृमीच्या अळ्या असतात. आकडेकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो आणि रक्तक्षय वाढवतो. म्हणजे रक्त वाढवायला बाग करायची आणि अनवाणी राहून रक्त घालवायचे, असे होऊ नये. माती खणून, उलटीपालटी करून पंधरा-वीस दिवस कडक उन्हात तापू द्या. बागेत पायात नेहमी काहीतरी घाला, काम झाल्यावर साबणाने हात धुवा, नखे कापा. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत व शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी मुलांना चुकवू नका.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळे कुजतात. म्हणून तीन फूट रुंद आणि अर्धा फूट उंच गादीवाफे करा. त्यात चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत मिसळा. ताजे शेण घालू नका. जळगावकडे केळीची पाने भरपूर मिळतात. ती वाफ्यावर पसरली की ओल टिकते आणि तण कमी येते. धुळ्याकडे पाऊस कमी, तिथे हे आच्छादन आणखी उपयोगी. गटाराचे किंवा नाल्याचे पाणी भाजीला कधीही देऊ नका. भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणी चालते.

पाचवी पायरी : काय लावावे, कसे खावे

मृगात पोकळा, तांदुळजा, अंबाडी, चवळी, गवार आणि भेंडी पेरा. तुराट्यांच्या कुंपणावर गिलकी, दोडकी आणि डांगराचा वेल सोडा. कोपऱ्यात एक शेवगा, एक कढीपत्ता आणि एक लिंबू लावा. भरिताच्या वांग्याची चार रोपे हवीतच. दिवाळीनंतर मेथी, पालक, कोथिंबीर आणि मुळा. बियाण्यासाठी आणि सल्ल्यासाठी धुळ्याच्या किंवा जळगाव जिल्ह्यातील पाल, ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

मृगात पेरलेला पोकळा महिन्याभरात काढणीला येतो. ३१ जुलैला, बाबासाहेबांच्या १९३७ सालच्या मुक्कामाची आठवण करायला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जमतो. त्या दिवशीच्या डब्यात आपल्या वाफ्यातली भाजी असू शकते.

भाजीतले लोह अंगी लागावे म्हणून जेवताना लिंबू पिळा. जेवणाबरोबर आणि जेवण होताच चहा घेऊ नका, चहामुळे लोह शरीरात नीट शोषले जात नाही. फक्त पालकावर विसंबू नका, भाज्या बदलत राहा. डाळ, कडधान्य, आणि जमेल तेव्हा अंडी, मासे, मटण सोबत असावे. घरातील बाईने शेवटी उरलेले खायचे, ही रीत मोडा. सगळे मिळून जेवले तरच भाजी तिच्या ताटात पोहोचेल.

रक्त फारच कमी असेल तर एकट्या भाजीने भागत नाही. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा, तिथेच सिकलसेलचीही तपासणी सांगा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्या.

बाग टिकवण्यासाठी

बहुतेक बागा दुसऱ्या महिन्यात मोडतात, कारण काम एक-दोन बायांवरच पडते. म्हणून कामाचे वार ठरवून विहारातील फळ्यावर लिहा. त्यात पुरुषांची आणि तरुणांची नावे असू द्या. भाजी वाटताना ज्या घरात गरोदर बाई, तान्हे बाळ किंवा आजारी माणूस आहे, त्या घराचा वाटा आधी काढा.

वर्षावासाच्या नियमामागे एक कारण विनयात सांगितले आहे. पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली कोवळे अंकुर तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. तथागतांनी ती ऐकली आणि भिक्खूंना एका जागी राहायला सांगितले. येत्या आषाढ पौर्णिमेला विहारात ग्रंथवाचन सुरू होईल, तेव्हा विहाराच्या मागच्या अंगणातही अंकुर असावेत. त्यासाठी या रविवारी समितीची बैठक बोलवा, अर्ज लिहा, आणि पहिल्या वर्गणीतून हातमोजे घ्या.

नमो बुद्धाय, जय भीम.