सरकारी खरेदी स्वच्छ हवी, पण मागणार कोण?



आज जरा अडचणीच्या विषयावर बोलायचंय. उद्यम नोंदणी झाली, जेम पोर्टलवर खातं उघडलं, माल चांगला आहे, दरही परवडणारा आहे. तरी सरकारी ऑर्डर मिळत नाही. असं का होतं?

समजा, मुसळगावच्या वसाहतीत तुमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. शाळेचे बेंच बनवता. एका कार्यालयाला ९ लाखांचे बेंच घ्यायचेत. एकत्र घेतले तर ई-निविदा काढावी लागू शकते आणि तुम्हालाही दर भरता येईल. म्हणून काय होतं, तर त्याचे चार तुकडे पडतात, प्रत्येकी सव्वादोन लाखांचे. प्रत्येक तुकड्याला तीन कोटेशन जोडलेली, आणि तिन्ही एकाच माणसाच्या पिशवीतून निघालेली. तुम्हाला खरेदी झाल्याचं कळतं तेव्हा टेम्पो शाळेच्या दारात उभा असतो.

आता तुम्ही म्हणाल, याला नियम नाही का? आहे ना. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत स्पष्ट लिहिलंय की वरची मंजुरी किंवा स्पर्धा टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नयेत. आपल्या राज्याने १ डिसेंबर २०१६ ला कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका काढली, त्यात ३ लाखांच्या वरच्या खरेदीला ई-निविदा ठेवली. (ही मर्यादा शासन निर्णयाने बदलू शकते, म्हणून चालू आकडा तुम्ही स्वतः बघून घ्या.) नियम आहे, तरी पाळला जात नाही, आणि त्याचं कारण कागदात सापडणार नाही.

कारण साधं आहे. नियम मोडला की चार जणांचा मोठा फायदा होतो, आणि ते चार जण पुढाऱ्याला रोज भेटतात. नियम पाळला तर फायदा तुमच्यासारख्या चारशे जणांचा, पण प्रत्येकाचा थोडा थोडा. त्यातल्या निम्म्यांना आपलं काही गेलं हेच माहीत नसतं. तुम्ही नगरसेवकाला शेवटचे कधी भेटलात? रस्त्यावरचा खड्डा, वीज, पाणी, नाहीतर लग्नपत्रिका. खरेदीबद्दल एकदा तरी बोललात? मग त्याने तुमच्या बाजूने का उभं राहावं! मी पुढाऱ्यांची बाजू घेत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की पुढारी चांगला की वाईट यापेक्षा, त्याच्याकडे कोण काय मागतंय यावर बरंच ठरतं.

आपल्याच राज्यातली गोष्ट घ्या. माहितीचा अधिकार आज आपण गृहीत धरतो. महाराष्ट्रात २००० साली एक कायदा झाला, पण तो दुबळा होता. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे आणि त्यांच्याबरोबरची मंडळी तिथे थांबली नाहीत. दुबळा कायदा जाऊन २००२ चा बरा कायदा आला, त्याला राष्ट्रपतींची संमती रखडली, आणि ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा आझाद मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा ती मिळाली. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. यात दोन गोष्टी बघा. मागणी एकच होती आणि ती कुणालाही एका वाक्यात सांगता येत होती. आणि पहिला अर्धवट तुकडा हातात आल्यावर लोक घरी गेले नाहीत.

दुसरं उदाहरण खरेदीचंच. २०१५ मध्ये राज्यात चिक्कीवरून वाद पेटला. महिला व बालविकास विभागाने २०६ कोटींची खरेदी ई-निविदा न काढता दरकरारावर केली, असा आरोप झाला. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला त्यात गैरव्यवहार आढळला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलं पाहिजे. पण गंमत अशी की सगळी चर्चा 'दोषी कोण' यावरच फिरली. दरकरार म्हणजे काय, छोट्या उत्पादकाला त्यात शिरायला जागा किती, हे कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी नियमपुस्तिका आली तेव्हा तिच्या मागे उभा राहणारा उद्योजकांचा गट मला तरी दिसला नाही. माणसावर आरोप झाला की बातमी होते. पद्धत बदला म्हटलं तर बातमी होत नाही, पण तुमचा धंदा त्या पद्धतीवरच चालतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. तामिळनाडूने १९९८ मध्ये निविदा पारदर्शकतेचा कायदा केला, कर्नाटकने १९९९ मध्ये. महाराष्ट्रात वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी २०२३ मध्ये वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा झाला, पण बाकीची बरीचशी खरेदी शासन निर्णयांवर चालते. कायदा बदलायचा तर विधिमंडळात जावं लागतं, चर्चा होते. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलतो, आणि तो वेबसाइटवर कधी चढला ते आपल्याला कळतही नाही. दिल्लीतही २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, आणि २०१४ ला लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. त्याच्यासाठी कुणी रस्त्यावर आलं नाही.

युक्रेनमध्ये मात्र उलटं घडलं. २०१४ च्या आंदोलनानंतर काही स्वयंसेवक, व्यापारी आणि सरकारातले मोजके लोक एकत्र आले आणि 'प्रोझोरो' नावाची खरेदीची ऑनलाइन व्यवस्था उभी केली. आधी ती ऐच्छिक होती. कायदा झाला आणि १ ऑगस्ट २०१६ पासून ती सगळ्या सरकारी खरेदीदारांना सक्तीची झाली. तिथे व्यापारी पहिल्यापासून टेबलावर होते, तक्रारदार म्हणून नाही, तर व्यवस्था बनवणारे म्हणून.

आता सिन्नरकडे या. सुरुवात कुठून करायची? माझं मत तुम्हाला कडू लागेल. सुरुवात स्वतःच्या लेटरहेडपासून करा. "दादा, तुझं एक कोटेशन दे ना, नुसतं कागदाला लागतंय", हे आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि पुष्कळांनी दिलंय. यातून आपणच आपला बाजार बंद करतो. शिवाय हे नुसतं मैत्रीखातर केलेलं काम नाही. ठरवून दर भरणं स्पर्धा कायदा २००२ खाली बेकायदा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावीच लागली, तर ७ दिवसांत कळवलं तरच संरक्षण मिळतं. लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४, तो मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

मग प्रश्न येतो भीतीचा. एकट्याने तोंड उघडलं की बिल अडकतं. ही भीती खोटी नाही, आणि 'घाबरू नका' असं मी इथे बसून सांगणार नाही. म्हणून एकट्याने जायचंच नाही. आपल्याकडे मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आहे, माळेगावची एमआयडीसी आहे, नाशिकची निमा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्रची बैठक होते, आपण जिला 'झूम' म्हणतो. तिथे वीज, रस्ते, ड्रेनेज हे विषय येतात. खरेदीचा विषय लेखी द्या, संघटनेच्या नावाने द्या. पत्रावर कुणा एकाची सही असली की तो एकटा उघडा पडतो. वीस सह्या असल्या की कुणाचं बिल अडवायचं?

मागणी छोटी ठेवा. 'भ्रष्टाचार थांबवा' ही मागणी नाही, तिला सगळे हो म्हणतात आणि काहीच करत नाहीत. मी अशी लिहीन:

"आपल्या कार्यालयाने १ लाख रुपयांवरील प्रत्येक खरेदीची माहिती दर महिन्याला सूचना फलकावर व वेबसाइटवर लावावी: वस्तू, संख्या, दर, पुरवठादाराचे नाव, किती कोटेशन आली, माल कधी मिळाला, बिल कधी दिले."

याला नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये कार्यालयाने आपणहून माहिती जाहीर करायचीच आहे. आणि यादी फलकावर लागली की एकाच महिन्यात सव्वादोन-सव्वादोन लाखांच्या चार ओळी कुणालाही दिसतात, कुणावर आरोप करायची गरजच उरत नाही.

'बिल कधी दिले' हा रकाना मी मुद्दाम घातलाय. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल ४५ दिवसांत द्यायचं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, हे २००६ च्या कायद्यातच आहे. पण व्याजाचा दावा करायला फार कमी जण धजावतात. रकाना दिसायला लागला की जे पुरवठादार आज सेटिंगमध्ये आहेत, त्यांनाही तो हवासा वाटेल, कारण बिल त्यांचंही अडकतं. पाठिंबा असाच वाढतो. विरोधकातला अर्धा माणूस आपल्याकडे वळवायचा.

नगर परिषदेत सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाजूंच्या नगरसेवकांना एकाच दिवशी एकच पत्र द्या. एकाच पक्षाला दिलं की विषय त्या पक्षाचा होतो आणि निवडणूक हरली की तोही हरतो. जो आधी हो म्हणेल त्याला श्रेय घेऊ द्या, फोटो काढू द्या, हार घालू द्या. आपल्याला यादी हवीय. आणि प्रामाणिक अधिकारी प्रत्येक कार्यालयात असतो. त्याला बाहेरून मागणी आलेली हवीच असते, कारण मग वरून दबाव आला की त्याला "लोक विचारतायत" असं म्हणता येतं.

यादी लागली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. अर्ज नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करायचा, फर्मच्या लेटरहेडवर नाही. आणि शक्यतो अशा सभासदाने करावा ज्याचा त्या कार्यालयाला एक रुपयाचाही माल जात नाही.

पत्र देताना दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "साहेब बाहेर गेलेत, ठेवून जा" म्हणाले तर आवक-जावक टेबलावर द्या, पण पोच घेतल्याशिवाय निघू नका.