तारेविना तंबोरा

आजीच्या तंबोऱ्याचा भोपळा तडकला आणि घरातला षड्ज थांबला. तेव्हा संगणकावरच तार छेडून पाहावी, असे मी ठरविले.

१९८३ साली केविन कार्प्लस व ॲलेक्स स्ट्राँग यांनी त्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. मॉड्युलर सॉफ्टवेअरमध्ये तिला तीनच घटक पुरतात. एक क्षणभर खरखर करतो, दुसरा ती किंचित उशिराने परत देतो, तिसरा लागोपाठच्या दोन नमुन्यांची सरासरी काढून पुन्हा दुसऱ्याकडे धाडतो.

समजा, सेकंदाला ४४,१०० नमुने आहेत व विलंब २०० नमुन्यांचा आहे. सरासरीमुळे आणखी अर्ध्या नमुन्याचा उशीर होतो. ४४,१०० ला २००.५ ने भागा; सेकंदाला सुमारे २२० कंपने येतात. म्हणजे चक्रात फिरणाऱ्या खरखरीचाच स्वर होतो! प्रत्येक फेरीत सरासरीमुळे वरचे उपस्वर आधी विझतात, मूळ स्वर रेंगाळतो. छेडलेल्या खऱ्या तारेचेही असेच होते.

मी हौसेने ऐकविले. आजी म्हणाली, "तार आहे रे, पण जवारी नाही."

तिचे खरे होते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित वक्र असतो. दोरा नीट सरकवला की कंपणारी तार त्या माथ्याला टेकत राहते आणि उपस्वर पुन्हा जागे होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीचा अभ्यास मांडला होता. माझे चक्र उपस्वर नुसते विझवते, जागवीत नाही.

आता चक्रात तशी घोडी घालण्याची खटपट चालू आहे. तंबोरा मात्र दुरुस्तीसाठी मिरजेला धाडला आहे.