शिजवण्याआधीची मूठ

पालकहो, रविवारी उपासनेत अर्पणाची थैली जवळ आली की आपण घाईघाईने मुलाच्या हातात दहाची नोट कोंबतो. मूल ती टाकतं आणि मोकळं होतं. त्याच्या पदरचं काही गेलेलं नसतं, त्यामुळे दिल्याचा आनंदही त्याच्या वाट्याला येत नाही. देणं शिकवायचं तर ते घरात शिकवायला हवं.

मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांत शंभराहून अधिक वर्षांची एक रीत आहे. तिला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. भातासाठी तांदूळ काढले की त्यातली एक मूठ आई प्रभूसाठी वेगळ्या भांड्यात टाकते. जेवून उरलं म्हणून दिलं, असं नाही. शिजवण्याआधीच ती मूठ बाजूला निघते. मंडळीतल्या स्त्रिया हा तांदूळ घरोघरी जाऊन गोळा करतात, तो विकतात आणि त्या पैशांतून सुवार्तेचं काम चालतं. रीत सुरू झाली तेव्हा लोकांच्या हाती रोकड फारशी नव्हती. तांदूळ होता, तोच त्यांनी दिला. पातेल्यात एक मूठ कमी पडली तरी घरातले सगळे जेवले, हे तिथलं मूल रोज पाहतं. किती भाग्याचं आहे ते!

समाधानही असंच घरात रुजतं. आहे त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो, असं पौल फिलिप्पैकरांना कळवतो, आणि तेही बंदिवासातून. पौलालाही जे शिकावं लागलं, ते आपल्या मुलांना आपोआप कसं येईल? शेजाऱ्यांच्या नव्या गाडीबद्दल आपण जेवताना काय बोलतो, हे ती कान देऊन ऐकत असतात.

एक कळकळीची विनंती. ‘देवाला दे, तो दुपटीने देईल,’ असं मुलांना सांगू नका. तो सौदा झाला. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेला पुढे काही परत मिळाल्याचं मार्काने लिहिलेलं नाही. आणि घरात ओढाताण असेल तर कर्ज काढून दान करू नका. जवळ असेल त्या मानाने द्यावं, हे पौलानेच करिंथकरांना सांगितलं आहे.

या महिन्यात पगार झाला की मुलांना जवळ बसवा. किराणा आणि फीच्या आधी अर्पणाचा आणि गरजूंचा वाटा त्यांच्यासमोर काढा. कोणाला द्यायचं, हे त्यांनाही विचारा. त्यांच्या खाऊच्या पैशांतलं काय द्यायचं, ते मात्र त्यांचं त्यांना ठरवू द्या.